पुढच्या चाकाचा ब्रेक

मास्तरांना हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा दारातच सगळ्यांच्या लक्षात आलं की त्यांची चाकाची खुर्ची घरात जात नाही.

घर तळमजल्यावरचं. दार उघडलं की आधी जेमतेम चार फुटांचा बोळ, आणि बोळ संपला की दोन खोल्या. त्या बोळात डाव्या भिंतीला चिकटून मास्तरांची मोटरसायकल उभी असायची. काळी, टाकीवर सोनेरी रेघ, वयाने जवळजवळ मास्तरांएवढीच. माणूस अंग चोरून तिच्या बाजूने जाऊ शकायचा, आणि गेली सतरा वर्षं त्या घरात सगळे तसेच जात होते. पण खुर्चीला काही अंग चोरता येत नाही. शेवटी माझ्या नवऱ्याने आणि अँब्युलन्सच्या दोघांनी मास्तरांना चादरीत घेतलं आणि गाडीच्या सीटवरून पलीकडे दिलं, कपाट द्यावं तसं. खुर्ची घडी करून मागून गेली.

मी वरच्या मजल्यावर राहते. त्या घरातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते मास्तरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी सांगितलंय, कपड्यांच्या घड्या घालता घालता, आवाज न चढवता, दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तसं.

मास्तर तंत्रशाळेत फिटिंग शिकवायचे. तीस वर्षं. कानस कशी धरायची, भोक सरळ कसं पाडायचं, सुताचा फरक नुसत्या डोळ्याने कसा पकडायचा. त्यांच्या हाताखालून गेलेले लोक आज मोठमोठ्या कारखान्यांत आहेत आणि त्या सगळ्यांना मास्तरांचा एकच शब्द आठवतो. "चूक." समोरच्याचं काम हातात घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, चूक. काय चुकलंय ते सांगायचे नाहीत. तूच शोधून काढ. घरीही तोच खाक्या. मीठ जास्त, चूक. खिडकी उघडी राहिली, चूक. वहिनी हसून म्हणायच्या, "बघायला आले तेव्हा मी माझं नाव सांगितलं, तर तेही तपासून घेतलं असेल यांनी मनातल्या मनात."

वहिनी म्हणजे बसच्या कंडक्टर. सगळी गल्ली त्यांना कंडक्टरबाईच म्हणायची. एकोणीस वर्षं त्या उभ्या राहून शहर फिरल्या. खचाखच भरलेल्या बसमध्ये दांडी न धरता, दोन पायांत अंतर ठेवून, नावेत उभं राहावं तशा. "पुढे सरका, पुढे जागा आहे, घरून निघताना मोजून आलेय!" असं ओरडल्या की माणसं हसत सरकायची. सुट्टीच्या दिवशी त्यांना करमायचं नाही. दोन दिवस घरात काढले की तिसऱ्या दिवशी भिंती अंगावर येतात, असं त्या म्हणायच्या.

मग, सतरा वर्षांपूर्वी, अपघात झाला. दोघं मोटरसायकलवरून वहिनींच्या धाकट्या बहिणीकडे निघाले होते. मोठ्या उतारावर खालच्या चौकात एक हातगाडी आडवी आली. मास्तरांनी ब्रेक दाबला, पण गाडी थांबली नाही. ती तिरकी होऊन आडवी पडली आणि घसरत गेली. मास्तरांना खरचटलं. वहिनींचा उजवा गुडघा सायलेन्सरखाली आला, वाटीचे तीन तुकडे झाले.

हॉस्पिटलात भेटायला येईल त्याला मास्तर एकच सांगायचे. "हिने घाबरून सगळं अंग माझ्यावर टाकलं. तोल गेला. नाहीतर गाडी जागच्या जागी उभी राहिली असती." वहिनी खाटेवरून मान हलवायच्या. हो, माझंच चुकलं. बहीण रडायला लागली तर त्याच तिची समजूत काढायच्या, "अगं, माझ्यामुळे झालं, यांना नको बोलूस."

गुडघा जोडला, पण वाकेना तो वाकेनाच. ताठ पायाने बसमध्ये उभं राहता येत नाही. ऑफिसात बसून काम देऊ म्हणाले, पण ते ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. वहिनींनी वर्षभर रेटलं आणि नोकरी सोडली. मास्तरांनीही त्या दिवसापासून गाडीला किक मारली नाही. बोळात उभी केली ती केली. दर रविवारी फडक्याने पुसायचे, क्रोम चकचकीत ठेवायचे, चालवायचे मात्र नाहीत. लोक म्हणायचे, बायको पडली म्हणून एवढी लाडकी गाडी सोडली, असा नवरा मिळायला नशीब लागतं. मीही हे म्हटलेलं आहे, वहिनींच्या तोंडावर.

अशी सतरा वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. वहिनी दुकानापर्यंत जायच्या, पाय ओढत परत यायच्या. आणि एका सकाळी मास्तर दाढी करता करता मोरीत कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत सगळं आहे, पण शब्द सापडणार नाहीत. एखादा राहतो कधीकधी. त्यांचा एक राहिला होता. कोणता, ते सांगायला नको.

पाणी हवं, चूक. पाठ दुखतेय, चूक. डास चावला तरी चूक. पहिल्या महिन्यात वहिनींना हसावं की रडावं कळेना. मग हळूहळू सूर कळायला लागले. खाली उतरणारं "चूक" म्हणजे हो. ताठ, तुटक "चूक" म्हणजे नाही. लांबवलेलं म्हणजे पाणी. दोनदा घाईने म्हटलं की भांडं आणायचं. कंडक्टरच त्या, गोंगाटातून एक आवाज वेचायची सवय होती.

पण त्यांना आता दहा मिनिटंही घर सोडता येईना. दर दोन तासांनी मास्तरांना कुशीवर करायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भाजी, औषधं मी आणून द्यायची. चार महिने त्या बाईंनी दाराबाहेरचा रस्ता पाहिला तो बोळाच्या टोकाला, दाराच्या चौकटीएवढा.

मास्तरांना व्यायाम द्यायला एक बाई यायच्या. त्या एक दिवस स्पष्टच म्हणाल्या, "यांना खुर्चीत बसवून रोज बाहेर न्या. उजेड, माणसं, रस्ता दिसू दे. घरात हे नुसते आंबून जातील. आणि तुम्हीही."

"नेते हो," वहिनी म्हणाल्या, "पण ह्या बयेच्या डोक्यावरून नेऊ का?" आणि गाडीच्या सीटवर थाप मारली.

माझा नवरा आणि शेजारचे दोघं मिळून गाडी बाहेर काढायला गेले. मागचं चाक फिरत होतं, पुढचं मात्र जाम. ब्रेक आतल्या आत गंजून धरला होता, सूतभरही हलेना. उचलूनच न्यावी लागणार होती. त्यांनी हँडलला हात घातला मात्र, आणि आतून मास्तर ओरडायला लागले. "चूक! चूक! चूक!" चेहरा काळानिळा, तोंडाला फेस. डॉक्टरांनी रक्तदाब चढू द्यायचा नाही म्हणून बजावलेलं. तिघंही हात झटकून मागे सरले. मेकॅनिकचं नाव काढलं तरी तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझा नवरा जिना चढताना पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मास्तरांची खुर्ची बोळाच्या तोंडाशी आणून ठेवली. स्वतः एक बुटकं स्टूल घेतलं, ताठ पाय समोर पसरला आणि पुढच्या चाकापाशी बसल्या.

"बाहेरचा कुणी हात लावायचा नाही, हेच ना? मग मी लावते. तुम्ही सांगा."

मास्तरांनी डाव्या हाताने भिंतीवरच्या हत्यारांकडे बोट केलं.

ते आठ दिवस बरे गेले, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनाच नवल वाटत होतं. मास्तर बोट दाखवायचे, त्या हत्यार काढून विचारायच्या, "हा पान्हा? का हा?" आणि खाली उतरणारं "चूक" आलं की तो घ्यायचा. आधी केबल सोडवली. चाकावर बाहेरच्या बाजूने एक छोटा दांडा असतो, केबल ओढली की तो वळतो आणि आतले ब्रेक शू, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन तुकडे, फाकून ड्रमला, म्हणजे चाकाच्या मधल्या पोकळ डब्याला, आतून घट्ट लागतात. त्या दांड्याच्या मुळाशी रोज थेंब थेंब तेल सोडायचं, दांडा मागेपुढे करायचा, लाकडी हातोड्याने ड्रमवर गोल गोल फिरत टकटक करायचं. वहिनींचे हात काळे झाले. मास्तरांची मान उत्सुकतेने पुढे यायची. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि या माणसाने बायकोला आपल्या हत्यारांना कधी हात लावू दिला नव्हता. आता शिकवत होता. एकदा पान्हा निसटून वहिनींचं बोट सोलवटलं तर मास्तर हसले, अर्ध्या तोंडाने. वहिनीही हसल्या. मला वरपर्यंत ऐकू आलं.

पण चाक सुटेना.

नवव्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "हे बाहेरून होणार नाही. चाक काढून आतून बघायला हवं."

"चूक." ताठ.

"का नाही? एक्सलचा नट तर आहे. इंजिनखाली लाकडी ठोकळा देते, गाडी पडायची नाही."

"चूक!"

"तुमची गाडी मोडत नाही मी. जपून करते."

मास्तरांनी डाव्या हाताने खुर्चीचं चाक ढकललं, डाव्या पायाने रेटलं आणि खुर्ची गाडीच्या पुढच्या चाकावर नेऊन आदळली. वहिनींनी ती मागे ओढली, त्यांनी पुन्हा रेटली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वहिनींनी खुर्ची मागे घेतली आणि तिच्या दोन्ही चाकांचे ब्रेक लावून टाकले. डावा मास्तरांनी काढला, पण उजवा त्यांच्या हाताच्या पलीकडे होता. खुर्ची नुसती जागच्या जागी थोडी वळली. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात, विनवल्यासारखं, चूक, चूक, चूक म्हणत राहिले. वहिनींना वाटलं, घाबरलेत, बायको आपली गाडी बिघडवणार म्हणून.

नट रॉकेल पाजून सुटला. चाक खाली आलं. झाकणाची थाळी आणि तिच्यावरचे दोन्ही शू ड्रमात घट्ट बसलेले होते. वहिनींनी चाक मांडीवर घेतलं आणि कडेकडेने ठोकत राहिल्या. अर्ध्या तासाने करकर आवाज झाला आणि थाळी हातात आली. विटकरी रंगाची भुकटी त्यांच्या साडीवर सांडली.

ब्रेक शूवर खरखरीत लायनर असतो. तोच ड्रमवर घासतो आणि गाडी थांबवतो. एवढं वहिनींना आठ दिवसांत समजलं होतं. एका शूवर तो होता, झिजून काचेसारखा गुळगुळीत झालेला. दुसऱ्या शूवर लायनर नव्हताच. नुसता उघडा धातू, त्यावर घासल्याचे ओरखडे, आणि लायनर जखडून ठेवणाऱ्या रिव्हेटांची आठ रिकामी भोकं.

त्यांना वाटलं, तुटून पडला असेल. तुकडे शोधायला त्यांनी ड्रममध्ये बोट फिरवलं. एक तुकडा नव्हता. भोकंही साफ, काळजीने रिव्हेट काढलेली असावीत तशी. मास्तरांनी काम केलं की भोक असंच राहायचं, त्याच्या कडेला कुसळ सापडायचं नाही.

त्यांनी शू खाली ठेवला. गंज काढायला पॉलिश पेपर हवा होता म्हणून उठल्या आणि हत्यारांच्या पेटीचा सगळ्यात खालचा खण उघडला. पॉलिश पेपरच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती. आत दोन नवेकोरे लायनर आणि कागदाच्या पुरचुंडीत तांब्याची रिव्हेटं. वर्तमानपत्र पिवळं पडलेलं. वहिनींनी तारीख वाचली. लोक वाढदिवस लक्षात ठेवतात तशी त्यांना अपघाताची तारीख लक्षात होती. हे वर्तमानपत्र त्याच्या आठ दिवस आधीचं होतं.

तेवढ्यावरून सगळं जुळलं. जुना लायनर तडकला होता, मास्तरांनी तो काढला. नवे आणले. बसवायला वेळ झाला नाही, किंवा कंटाळा आला, किंवा पुढच्या रविवारी बघू म्हणून शू तसाच घालून चाक बंद केलं. आणि त्या गाडीवर बायकोला मागे बसवून उतारावर घेऊन गेले. नंतर सतरा वर्षं गाडी चालवली नाही, विकली नाही, कुणा मेकॅनिकला दाखवली नाही, कारण पहिल्यांदा जो चाक उघडेल त्याला हे दिसलं असतं. फडक्याने पुसत राहिले.

वहिनी पुडी घेऊन खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"हे आणून ठेवलं होतंस," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षांत त्यांच्या तोंडून नवऱ्याला कधी एकेरी हाक गेली नव्हती. "आणून ठेवलं होतंस आणि बसवलं नाहीस. आणि मी अंग टाकलं म्हणालास. सगळ्यांसमोर म्हणालास. मीही म्हणाले."

मास्तर त्यांच्याकडे बघत होते.

"बोल."

"चूक," मास्तर म्हणाले.

हे "चूक" कुठल्या सुरातलं होतं, ते वहिनींना कळलं नाही. खाली उतरणारं नव्हतं, ताठही नव्हतं. माझी चूक, म्हणाले? का तू म्हणतेस ते चूक, असं? "एवढे सूर ओळखायला शिकले," त्या मला म्हणाल्या, "आणि नेमका हाच ओळखता आला नाही. दहा वेळा विचारलं. दहा वेळा तेच, तसंच."

त्या दुपारी त्या जिना चढून माझ्याकडे आल्या. त्या पायाने चौदा पायऱ्या म्हणजे पाव तास. दारात उभं राहून म्हणाल्या, "दहा मिनिटं बसू दे." बसल्या. हात कोपरापर्यंत काळे, साडीवर गंज. मी पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, "काही नाही, ब्रेक उघडला." खिडकीतून रस्ता बघत राहिल्या. वळणावर एक बस आली, थांबली, गेली. दुसरी आली. पाऊण तास झाला असेल. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठल्या. "त्यांना कुशीवर करायची वेळ झाली," म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागल्या.

धाकट्या बहिणीला त्यांनी फोनवर सांगितलं. ती भडकली. "सोड त्याला आणि उद्याच्या उद्या माझ्याकडे ये. एवढं आयुष्य मातीत घातलं त्याने तुझं."

"सोडू कुठे?" वहिनी म्हणाल्या. "बोळात जागा नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. मास्तरांना ठेवून घेईल अशी जागा जवळपास नव्हती. असती तरी, अंघोळ घालताना त्यांच्या नजरेत काय असतं ते वहिनींना माहीत होतं. त्या नजरेला परक्याच्या हाती देणं त्यांना जमलं नसतं. आणि रागाने काय होतं? राग आला म्हणून दोन तासांनी कुशीवर करायचं थोडंच थांबतं? त्या चिडून भरवायच्या, चिडून पुसायच्या, चिडून कूस बदलायच्या. हात तेच काम तितक्याच काळजीने करायचे आणि त्याचा त्यांना आणखी संताप यायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. तो उघडा शू मास्तरांच्या खाटेसमोरच्या फळीवर, घड्याळाशेजारी ठेवून दिला. डोळे उघडले की तोच दिसावा असा. मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. वहिनी त्यांना नियमाने दुसऱ्या कुशीवर करायच्या, मग तो समोर यायचा. अकरा दिवस तो तिथे होता. बाराव्या दिवशी त्यांनीच तो उचलला. मी म्हटलं, दया आली वाटतं. "दया कसली," त्या म्हणाल्या, "त्याच्यावर धूळ बसायला लागली. रोज पुसायला अजून एक वस्तू कुणी सांगितलीय?"

दरम्यान बोळाची अवस्था आणखी वाईट झाली होती. चाक काढलेली गाडी ठोकळ्यावर तिरकी उभी, चाक भिंतीला टेकवलेलं. आता वहिनींनाही आडवं होऊन जावं लागायचं. मी म्हटलं, "आता तरी मेकॅनिक बोलवा. आता ओरडले तर ओरडू देत."

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने उघडलं असतं तर मला जन्मात कळलं नसतं. आता बंदही मीच करणार."

पुन्हा स्टूल आलं, पुन्हा खुर्ची बोळाच्या तोंडाशी आली. पण आता हसणं नव्हतं. "अहो" परत आलं होतं, पण कोरडं, तिकीट फाडून द्यावं तसं. वहिनींनी ड्रम घासून गुळगुळीत केला. दुसऱ्या शूवरचा जुना लायनर काढायला तीन दिवस लागले, कारण रिव्हेट छिन्नीने उडवायची नसतात, मागून हळूच पाडून काढायची असतात, नाहीतर शूचं भोक मोठं होतं. मग नवा लायनर शूवर ठेवून त्या कडेकडून रिव्हेटं ठोकत गेल्या.

"चूक," मास्तर म्हणाले.

त्यांनी लक्ष दिलं नाही. आठही रिव्हेटं ठोकून झाली.

"चूक."

"तुमची का माझी?" असं म्हणून त्यांनी तो शू उजेडाकडे धरला. मधोमध शू आणि लायनर यांच्यात उजेडाची बारीक फट होती. लायनर पोटाशी फुगला होता. दाबला तर हलत होता. उतारावर पहिल्याच जोराच्या दाबात तो तडकला असता.

त्यांनी आठही रिव्हेटं पुन्हा काढली. मास्तरांनी डाव्या हाताची मूठ केली, अंगठ्याने मधल्या बोटाच्या पेरावर दाबलं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. मधून सुरू कर, बाहेर जा. आणि भिंतीवरच्या शिकंज्याकडे बोट केलं, आधी आवळून घे. तसं केल्यावर लायनर शूला कातडीसारखा बसला. फट नाही, हलणं नाही. मग त्याच्या पुढच्या टोकाला कानशीने थोडा उतार द्यायचा, म्हणजे ब्रेक लागताना चाक हिसका देत नाही. तेही मास्तरांनी नख तिरकं घासून दाखवलं. किती? एवढं. पुरे? खाली उतरणारं "चूक".

"सगळं येत होतं गं त्यांना," वहिनी मला म्हणाल्या. "एका दुपारचं काम होतं त्यांच्यासाठी. एका दुपारचं." एवढं बोलून त्या बराच वेळ हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या, पुन्हा घालत राहिल्या.

चाक बसायला आणखी आठवडा गेला. केबल नवी घेतली, ती मी आणून दिली. एका रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने मागून ढकललं आणि गाडी सतरा वर्षांनी जागची हलली. भिंतीवर तिच्या हँडलच्या मुठीने एक काळा गोल उमटवला होता, तेवढा मागे राहिला. आधी आतल्या खोलीत नेऊन तिचं तोंड दाराकडे वळवलं. दारातून बाहेर पडताना वहिनी हँडलला होत्या. फाटकाशी थोडा उतार आहे. तिथे गाडीने वेग घेतला आणि माझा नवरा ओरडला, "वहिनी, सांभाळा!" वहिनींनी दोन बोटांनी ब्रेक ओढला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. नवरा मागून सीटवर आपटला. त्यांनी ब्रेक सोडला, दोन पावलं नेली, पुन्हा ओढला. पुन्हा थांबली. असं त्या पाच-सहा वेळा करत राहिल्या. माझा नवरा ढकलत राहिला.

त्याच आठवड्यात ती विकली. जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. त्याने किक मारमारून, काहीबाही साफ करून ती सुरू केली, उतारावरून खाली जाऊन परत आला आणि विचारलं, "ब्रेक कुणी केलाय? या वयाच्या गाडीला असा ब्रेक मी पाहिला नाही."

वहिनी म्हणाल्या, "मी केला. यांनी सांगितला."

मास्तर तेव्हा खुर्चीत दाराबाहेर होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा अंगावर ऊन होतं. शौकिनाने त्यांना हात जोडले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि गाडी नजरेआड होईपर्यंत उघडले नाहीत.

बोळ मोकळा झाला. वहिनी आता रोज संध्याकाळी खुर्ची ढकलत बाहेर पडतात. पण आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथून चढउतार सुरू होतो, आणि एका ताठ गुडघ्यावर भरलेली खुर्ची उतारावर धरून ठेवणं त्यांना जमत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला. चार पावलांतच खुर्ची हाताला हिसका देऊन पुढे पळायला लागली, तेव्हा वळवून परत आणली. त्यामुळे कोपऱ्यापर्यंत जायचं, थोडा वेळ उभं राहायचं आणि परतायचं. दोनशे पावलं तिकडे, दोनशे इकडे. लोक थांबून म्हणतात, "मास्तर, नशीबवान आहात, अशी बायको मिळाली." मास्तर "चूक" म्हणतात. लोक हसतात. वहिनी खुर्ची वळवतात.

त्यांना मी एकदा विचारलं, माफ केलंत का. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी करते. दुपारपर्यंत टिकत नाही."

परवा तो शौकीन पुन्हा आला. पिशवीत तीन वेगवेगळ्या गाड्यांचे ब्रेक शू घेऊन. त्याच्या मित्रांचे, म्हणाला, त्यांना लायनर बसवून हवेत, असं हाताने करणारं आता कुणी राहिलं नाही. मी तिथेच होते. वहिनींनी एक शू हातात घेतला, उजेडाकडे धरला, कडेवरून अंगठा फिरवला. मास्तर खाटेवरून मान उचलून बघत होते.

"भोक मोठं केलंय कुणीतरी याचं," त्या म्हणाल्या.

"करता येईल ना पण?"

आतून दोनदा घाईचं "चूक चूक" आलं. वहिनींनी पिशवी त्याच्या हातातून घेऊन बोळात भिंतीशी ठेवली.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "आधी यांचं बघते. मग सांगते."